होजिअरीचे कापड आणि घरचे मशीन

महिला मंडळात शिवणकामाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ताई, टी-शर्टचे कापड घरच्या मशीनवर शिवता येते का?" उत्तर सरळ आहे. येते. पायमशीनवरही येते, आणि मशीन नसेल तर हातानेही येते. फक्त हे कापड पॉपलीन किंवा केंब्रिकसारखे वागत नाही. त्याचा स्वभाव कळला की पुढचे काम सोपे होते.

दुकानात तयार कपडे स्वस्त मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारील. धडधाकट माणसासाठी मीही करणार नाही. तीन टी-शर्टांचा जोड बाजारात ज्या किमतीत मिळतो, त्यात मी दिवसभर मशीनवर बसावे असे मला वाटत नाही. पण ज्यांना मऊ, ताणल्या जाणाऱ्या कपड्याची खरी गरज असते, त्यांच्या मापाचा कपडा दुकानात नसतो. आजारातून उठलेले, अंथरुणाला खिळलेले, एक हात न हलणारे, पाठीला बाक आलेले वृद्ध, शिवणीची कड टोचली तरी रडणारी लेकरे, यांच्यासाठी कोणी माप ठेवून कपडे करीत नाही. ते घरातल्याच कोणीतरी करायचे असतात.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात निकामी झाला, तेव्हापासून मी या कापडाकडे लक्ष देऊ लागले. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला गाऊन घालणे हेच एक दुःख होते. त्यात बाजारातला गाऊन डोक्यावरून घालायचा, बाही अरुंद, आणि डावा हात त्यात घालताना खांदा ओढला जाऊन त्या कळवळत. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने आम्हांला बजावले होते की तो खांदा ओढायचा नाही. म्हणजे हात कपड्यात घालायचा नाही, कपडा हातावर चढवायचा. यासाठी कपडाच तसा हवा.

आता कापडाविषयी. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी स्वेटर विणले आहेत, त्यामुळे हे समजावणे अवघड नाही. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांखालून-वरून जातात. धागा सरळ असतो, त्याला ताणायला जागा नसते. होजिअरीचे कापड म्हणजे यंत्रावर, अतिशय बारीक सुयांवर केलेले आपले सुलट-उलट विणकाम. धागा फाशाफाशांनी पुढे जातो. कापड ओढले की गोल फासे लांबट होतात, सोडले की पुन्हा गोल होतात. धागा सुताचाच असतो आणि त्यात रबर नसते, तरी कापड ताणले जाते ते यामुळे.

सगळे सुलट टाके एका बाजूला आले की ते सिंगल जर्सी, म्हणजे नेहमीच्या टी-शर्टचे कापड. एक सुलट, एक उलट असे विणले की रिब. स्वेटरच्या मनगटाला आपण तेच घालतो आणि बनियनच्या गळ्यालाही तेच असते. दोन रिब एकमेकांत गुंतवल्यासारखे जे दोन्ही बाजूंनी सारखे दिसते ते इंटरलॉक; बाळांचे चांगले कपडे बहुधा याचे असतात. हिवाळ्यातल्या जाड कापडाला आतून मऊ लव असते, ते फ्लीस.

विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम ली याने केले, पायमोजे विणण्यासाठी. तो पाळक होता असे सांगतात. "जर्सी" हे नाव इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून आले; तिथले लोकरीचे विणकाम प्रसिद्ध होते. बराच काळ हे कापड आतल्या कपड्यांपुरतेच मानले जाई. पॅरिसच्या कोको शॅनेल हिने पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचे बायकांचे बाहेर घालायचे कपडे केले, तेव्हा लोकांना नवल वाटले होते. आज आपल्याकडे तमिळनाडूतील तिरुपूर हे शहर याच कापडावर उभे आहे. तुमच्या अंगावरचा सुती टी-शर्ट तिकडून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

कापड घेताना पहिली गोष्ट म्हणजे हे अनेकदा मीटरवर नव्हे, किलोवर विकतात. त्यामुळे गोंधळ होतो. दुकानदाराला जीएसएम विचारावे, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. टी-शर्टला १४० ते १८० चालते. गाऊन किंवा पायजम्याला १८० ते २२० चांगले, त्यातून अंग दिसत नाही. समजा कापड १८० जीएसएमचे आहे आणि उघडल्यावर पन्हा दीड मीटर आहे. म्हणजे एका मीटरचे वजन २७० ग्रॅम, आणि एका किलोत साधारण ३.७ मीटर येते. मध्यम बांध्याच्या बाईच्या गाऊनला एवढ्या पन्ह्याचे पावणेदोन मीटर पुरते. म्हणजे अर्धा किलो. हा हिशेब कागदावर लिहून न्यावा. काही कापड नळीसारखे, शिवण नसलेले गोल मिळते. ते एका बाजूने कापून उघडले की हाच हिशेब लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ताण. कापडाची आडवी घडी करून टेपवर १० सेंटिमीटर धरा आणि ओढा. सहज साडेबारापर्यंत आले तर पंचवीस टक्के ताण, १५ पर्यंत आले तर पन्नास टक्के. पण ओढण्यापेक्षा सोडल्यावर काय होते ते जास्त महत्त्वाचे. सोडल्याबरोबर पुन्हा १० झाले पाहिजे. लोंबत राहिले तर त्या कापडाच्या पायजम्याचे गुडघे आठवड्यात बाहेर येतील. असे कापड कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

आणि सूत. आपल्या हवेत, विशेषतः दिवसचा दिवस पडून असणाऱ्या माणसासाठी, शंभर टक्के सुती किंवा थोडे लायक्रा असलेले सुती कापड घ्यावे. पॉलिएस्टरचे लवकर वाळते हे खरे, पण ते घाम शोषून घेत नाही.

नवे कापड न घेताही सुरुवात करता येते. घरातले मोठ्या मापाचे जुने टी-शर्ट काढा. ते धुऊन धुऊन मऊ झालेले असतात आणि आटायचे तेवढे आटलेले असतात. पुरुषाच्या एका टी-शर्टमध्ये तान्ह्या बाळाची दोन झबली निघतात. नव्या कापडाचे मात्र आधी एकदा धुणे अगदी आवश्यक आहे. सुती होजिअरी आटते, आणि लांबीत जास्त आटते. धुवा, सावलीत आडवे पसरून वाळवा, मग बेता.

मशीनकडे वळण्याआधी सुई बदला. सर्वांत जास्त काम इथेच बिघडते. साधी सुई टोकदार असते. मागाच्या कापडात ती दोन धाग्यांमधून जाते, पण विणलेल्या कापडात फासा तोडते. शिवताना काही दिसत नाही. दोन धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोके पडतात आणि मोज्याला पडते तशी शिडी सुटते. यासाठी बॉलपॉइंट सुई मिळते. तिचे टोक किंचित गोल असते, ती फाशाला बाजूला सारून आत जाते. पातळ कापडाला ११ नंबर, जाडाला १४. विकत घेताना आपल्या मशीनची जुनी सुई सोबत न्या, कारण घरच्या मशीनच्या सुईची दांडी बहुतेक एका बाजूने चपटी असते आणि कारखान्याच्या मशीनची गोल. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मध्येच टाके सुटू लागले, तर मशीनला दोष देण्याआधी सुई बदलून पाहा. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोऱ्याला ताण सोसत नाही.

आता टीप. झिगझॅग मशीन असेल तर प्रश्नच नाही : रुंदी अगदी कमी, अर्ध्या ते एक मिलिमीटरवर ठेवा, टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर. टीप दिसायला सरळच दिसते पण कापडाबरोबर ताणली जाते. पण आपल्या पुष्कळ घरांत, आणि गावाकडच्या बहुतेक शिवणवर्गांत, काळे पायमशीन असते आणि त्यावर सरळ टीपच येते. तिथे बाया हे कापड हातात घ्यायलाच घाबरतात. त्यांना मी सांगते की सरळ टिपेनेही होते, चार गोष्टी सांभाळा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. दाबपट्टीचा दाब, म्हणजे वरचा स्क्रू, किंचित सैल करा, नाहीतर वरचे कापड पुढे सरकून लाटा येतात. टाका फार लांब ठेवू नका. टाके जवळ असले की टिपेत दोरा जास्त जातो आणि तेवढी सवड मिळते. आणि शिवताना एका हाताने पुढून, दुसऱ्याने मागून कापड हलके ताणून धरा. हलके म्हणजे हलकेच. जोरात ओढले तर शिवण झालरीसारखी होते आणि सुई वाकते. दोन दोऱ्यांच्या अंतरावर तशीच दुसरी टीप घाला. एक वाढली तरी दुसरी राहते.

आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर वीतभर टीप घाला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहा. "टक्" असा आवाज आला तर दोरा तुटला. ताण आणखी सैल करा. आवाज न येता कापडाबरोबर टीप गेली की खऱ्या कपड्याला हात घाला. सुरुवातीला कापड मशीनच्या भोकात ओढले जात असेल, तर खाली पातळ कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

एक युक्ती सांगते. साड्यांना पिको-फॉल करून देणाऱ्या बाईंकडे जे मशीन असते ते झिगझॅगचेच असते. तुमच्या मशीनवर सरळ टीप घालून कपडा उभा करा आणि कडा तिच्याकडून झिगझॅग किंवा ओव्हरलॉक करून आणा. पैसे थोडे लागतात. खरे तर होजिअरीच्या कडा मागाच्या कापडासारख्या उसवत नाहीत. नुसत्या कापून सोडल्या तरी चालते, फक्त त्या गुंडाळतात. त्यावरून सुलट-उलट बाजूही ओळखता येते. सिंगल जर्सीची आडवी कापलेली कड ताणली की ती सुलट बाजूकडे वळते.

बेतण्यासाठी कागदी पॅटर्न आणण्याची गरज नाही. ज्याच्यासाठी शिवायचे त्याचा अंगाला नीट बसणारा एखादा होजिअरीचा कपडा घ्या. मागाच्या कापडाचा नको. त्याचे माप मोठे असते, आणि ते या कापडावर घेतले तर कपडा ढगळ होतो. तो कपडा उभा दुमडून जुन्या चादरीवर पसरलेल्या कागदावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा. बाही जिथे जोडली आहे तिथे, म्हणजे मुंड्याच्या गोलाईवर, टाचणीने कागदाला भोके पाडत जा आणि मग ती जोडा. शिवणीसाठी सगळीकडे १ सेंटिमीटर आणि खालच्या दुमडीसाठी ३ सेंटिमीटर वाढवा. पुढचा गळा आणि मागचा गळा वेगळा असतो, एवढे विसरू नका.

कापड जमिनीवर पसरावे. टेबलावरून खाली लोंबले तर स्वतःच्या वजनाने ताणले जाते आणि कापलेला भाग नंतर लहान होतो. जास्त ताण ज्या दिशेने आहे ती दिशा अंगाभोवती आली पाहिजे. टाचण्यांऐवजी मी वाट्या आणि खलबत्त्यातला बत्ता ठेवते. कात्री मात्र धारदार हवी. बोथट कात्री हे कापड चघळते.

आता बदल करण्याचा भाग, ज्यासाठी हे सगळे करायचे. सासूबाईंच्या गाऊनमध्ये मी काय काय केले ते सांगते. तुमच्या घरी गरज वेगळी असेल, पण विचार करण्याची रीत तीच.

डाव्या बाजूचा मुंडा ३ सेंटिमीटर खाली उतरवला आणि ती बाही दंडापाशी ४ सेंटिमीटर रुंद घेतली. उजवी बाजू मापाची ठेवली. पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही, कारण कापड पडते. पुढून गळ्यापासून खालपर्यंत पूर्ण उघडा ठेवला. आधी दुखऱ्या हातावर बाही चढवायची, मग पाठीमागून कपडा फिरवून चांगला हात; काढताना उलट, चांगला हात आधी आणि दुखरा शेवटी. हा क्रम आजारी माणसाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा.

बटणांऐवजी टिचबटणे लावली, कारण एका हाताने त्यांना ती दाबता येत. वेल्क्रो मला या कापडावर आवडत नाही. त्याचे आकडे फाशांत अडकतात आणि धुताना बाकीच्या कपड्यांचे धागे ओढतात. बटणपट्टीच्या आत जुन्या सुती साडीची उभी पट्टी घातली. होजिअरीला नुसते बटण लावले की त्याभोवतीचे कापड ओढून लांबते आणि पट्टी नागमोडी होते. खांद्याच्या शिवणीतही अशीच अर्ध्या इंचाची सुती पट्टी घालावी, म्हणजे खांदे उतरत नाहीत. पाठीवर एकही शिवण, बटण, लेबल ठेवले नाही. पडून राहणाऱ्याच्या कातडीला ते रुतते. बाह्या कोपराच्या थोड्या खाली, जेवताना ताटात बुडू नयेत म्हणून. उजवीकडे खिसा, रुमालासाठी आणि चष्म्यासाठी.

कॉलर मात्र त्यांनी मागून घेतली. पाळकसाहेब किंवा मंडळातल्या बहिणी भेटीला आल्या की अंगावर चादर ओढून घेण्याची त्यांना सवय लागली होती. गाऊनवर आपण चार माणसांत बसू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून बाटलीहिरव्या रंगाला त्याच कापडाची छोटी कॉलर लावली आणि पुढच्या पट्टीवर दोन ओळी साखळीटाका घातला. त्यानंतर चादर ओढणे थांबले. एका गाऊनचे पुढे चार झाले.

गळ्याची पट्टी हा नवशिक्यांचा अडण्याचा भाग असतो, म्हणून तेवढे गणित देते. टी-शर्टसारखा गळा करायचा असेल तर कापलेल्या गळ्याचा घेर शिवणीच्या रेषेवर मोजा. समजा ५६ सेंटिमीटर आला. त्याच कापडाची पट्टी घेत असाल तर ५६ चे ८५ टक्के, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस, अधिक शिवणीचे २. पट्टी साडेएकोणपन्नास लांब आणि ५ रुंद कापा. रिबची असेल तर ८० टक्के पुरे, कारण ती जास्त ताणली जाते. पट्टी आडव्या दिशेने कापायची. टोके जोडून गोल करा, उभी दुमडा. पट्टीचे चार सारखे भाग करून खुणा करा, गळ्याचेही चार भाग करा. खांद्याच्या शिवणींवर भरवसा ठेवू नका, पुढचा गळा मोठा असल्याने त्या बरोबर चौथ्या भागावर येत नाहीत. खुणेला खूण टाचा आणि शिवताना पट्टी वर ठेवून फक्त पट्टी ताणा, गळा नाही. पट्टी गळ्याएवढीच लांब घेतली तर ती छातीपासून उभी राहते आणि कपडा घरगुती वाटतो. शिवून झाल्यावर ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबा. घासू नका, उचलून दाबा.

लहान मुलांविषयी थोडे. काही मुले मानेमागचे लेबल आणि आतल्या शिवणी सोसत नाहीत. मोठे त्याला हट्ट म्हणतात. अशा मुलाचा बनियन शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवून शिवा, म्हणजे कातडीला गुळगुळीत बाजू लागते. बाहेरच्या शिवणीवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने झिगझॅग केली तर ती नक्षी वाटते. तान्ह्या बाळाच्या झबल्याला तर खालची दुमडसुद्धा लागत नाही. कड तशीच सोडा.

हाताने शिवायचे असेल तर बखिया घाला, धावदोरा नको. धावदोरा पहिल्याच ओढीला तुटतो. बखियात प्रत्येक टाका मागे येऊन पुढे जातो, म्हणून त्याला थोडी सवड असते. दर वीतभर अंतरावर एक छोटी गाठ मारा, म्हणजे एक टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

धुताना हे कपडे उलटे करून धुवावेत. पिळताना पीळ घालू नये, दाबून पाणी काढावे. दोरीवर खांद्याला चिमटे लावून टांगले तर खांद्याला कान फुटतात. मधोमध दोरीवर टाका किंवा खाटेवर पसरा.

उरलेल्या चिंध्याही टाकू नका. बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या आडव्या कापा आणि दोन्ही टोके धरून ओढा. पट्टी आपोआप गुंडाळून गोल दोरी होते. पायजम्याच्या नेफ्यात घालायला तिच्यासारखी मऊ नाडी नाही. ती पोटाला काचत नाही आणि गाठ सुटत नाही.